तीनशे बारा डावे हातमोजे

युद्धाला काय काय लागतं असं कुणी गणिताच्या सरांना विचारलं असतं, तर त्यांनी तोफा, पेट्रोल, दारूगोळा अशी उतरत्या क्रमाने यादी सांगितली असती. हातमोजे त्या यादीत आले नसते. पण शिक्षकांच्या सभेला ते सात मिनिटं उशिरा पोचले आणि त्या सात मिनिटांत शाळेने युद्धमदतीची कामं वाटून टाकली. खिडक्यांवर काळे कागद चिकटवणं चित्रकलेच्या बाईंकडे गेलं, मैदानात चर खणणं कवायतीच्या सरांकडे. जुनी वर्तमानपत्रं गोळा करणं इतिहासाच्या सरांनी आपण होऊन मागून घेतलं, कारण ते गोळा करता करता वाचतही असत. उरलं होतं शिवणकाम. शिवणाच्या बाई महिन्यापूर्वीच शिवणयंत्रं जागच्या जागी सोडून बहिणीकडे निघून गेल्या होत्या. बहीण कुठे राहते हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

"तुम्ही मोजमापाचे माणूस," मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या. "हातमोजे म्हणजे तरी काय? मापच."

परिपत्रक साधं होतं. महिनाअखेरपर्यंत किमान तीनशे हातमोजे, पाठीकडून लोकरीचे, तळव्याकडून कॅनव्हासचे, आत अस्तर. ज्या शाळेचं काम वेळेत आणि नियमानुसार होईल तिचा शेवटचा वर्ग शाळेतच राहून काम करील. इतर शाळांचे शेवटचे वर्ग 'बाहेरच्या सेवेसाठी' पाठवले जातील. बाहेर म्हणजे कुठे, हे परिपत्रकात नव्हतं. नदीपलीकडच्या शाळेचा शेवटचा वर्ग गेल्या महिन्यात असाच पाठवला गेला होता आणि तेव्हापासून त्या शाळेची घंटा कुणाला ऐकू आली नव्हती.

या शाळेच्या शेवटच्या वर्गाचा पट चौतीस. त्या चौतिसांत सरांची लेक होती. तीच विद्यार्थी मदत पथकाची प्रमुख असल्यामुळे सगळी शाळा तिला कॅप्टन म्हणे. घरी तिची आईही तसंच म्हणे, पण वेगळ्या सुरात.

सरांनी काम शास्त्रशुद्ध पद्धतीने हाती घेतलं. शिवणकामातलं त्यांना काही कळत नव्हतं, पण जे कळत नाही त्याची आधी आकृती काढावी, असा त्यांचा बावीस वर्षांचा नियम होता. मेणाचं स्टेन्सिल टेबलावर पसरून त्यांनी त्यावर हात पालथा ठेवला, बोटं फाकवली आणि कडेने लेखणी फिरवली. शेजारी सूचना लिहिल्या: वरची बाजू लोकर, कागदाकडची बाजू कॅनव्हास. 'अ' तुकडीने एका हाताचे शिवायचे, 'ब' तुकडीने दुसऱ्या. त्यासाठी नव्या आकृतीची गरजच नव्हती. तेच स्टेन्सिल प्रती काढायच्या सायक्लोस्टाइल यंत्रावर उलटं लावलं की आरशातली आकृती आपोआप तयार. या युक्तीवर सर इतके खूश झाले, की त्यांनी ती शिपाईमामांना दोनदा समजावून सांगितली.

पुढचे तीन आठवडे शाळेत कापूस उडत होता. मुलांनी घरोघर जाऊन जुने कोट, घोंगड्या, तंबूचे तुकडे आणले. बऱ्याच घरांत कोट होते आणि कोटवाले नव्हते. दार उघडणारी बाई काही न विचारता कोट काढून द्यायची, मग दार लावून घ्यायची, आणि आतून कडी लागल्याचा आवाज मुलांना जिना उतरेपर्यंत ऐकू यायचा नाही. ती दारामागेच उभी असायची. कापड उरलं म्हणून मुलांनी बारा हातमोजे जास्तीचे केले. सरांनी फळ्यावर लिहिलं: ३१२. चार टक्के अधिक.

शेवटच्या दिवशी सभागृहात जोड्या लावायचं काम सुरू झालं आणि दहा मिनिटांत कॅप्टन दोन हातमोजे घेऊन सरांपुढे उभी राहिली.

"सर, याची जोडी लागत नाहीये."

"'ब' तुकडीच्या ढिगातला घे."

"तिथलाच आहे. हा त्याचा जोडीदार नाही हो, जुळा भाऊ आहे."

सरांनी तो घातला. मग दुसरा, मग तिसरा. सगळे डाव्या हातात चपखल बसत होते आणि उजव्या हातात एकही जात नव्हता. शिपाईमामांना बोलावणं गेलं.

"तुम्ही सांगितल्याप्रमाणे उलटं लावलं होतं की," मामा म्हणाले. "पण अक्षरं उलटी उमटायला लागली. पोरं वाचणार कशी? म्हटलं सरांच्या लक्षात आलं नसेल, म्हणून मी सुलटं केलं. यावर तुम्ही साधं शाबासही म्हणाला नाहीत."

आता सगळे हातमोजे जमिनीवर ओळीने मांडलेले होते. तीनशे बारा डावे पंजे, बोटं वर, अंगठे एकाच दिशेला, दाराकडे. इतक्यात अकराचा भोंगा झाला. रोज अकराला सरावाचा भोंगा होई आणि जो जिथे असेल त्याने तिथेच तीन मिनिटं निश्चल उभं राहायचं, असा नियम होता. त्या तीन मिनिटांत चौतीस मुलं, एक शिपाई आणि एक गणिताचे सर त्या पंजांच्या मधोमध उभे राहिले. कुणीतरी आधीच झोपून जागा धरून ठेवावी तसे ते पंजे दिसत होते. एक मुलगी हलकेच म्हणाली, "सर, यांचं उरलेलं कुठे आहे?" खरं तर त्या वेळात बोलायलाही मनाई होती.

चूक शाळेबाहेर जायला संध्याकाळही लागली नाही. सर घरी पोचले तेव्हा शेजारचे निवृत्त ओव्हरसीअर त्यांच्या आधीच येऊन त्यांच्याच खुर्चीत बसले होते.

"सोपं आहे," ओव्हरसीअर म्हणाले. "उलटा केला की डाव्याचा उजवा होतो. सबंध जन्म पूल बांधण्यात गेला माझा. आणा इकडे."

सिद्धान्त बिनचूक होता. पण आत अस्तर, अस्तरात कापूस आणि वर कॅनव्हास, अशा हातमोज्याचा अंगठा उलटा व्हायला तयार नव्हता. ओव्हरसीअरांनी आत मूठ घालून जोर लावला, तेव्हा अंगठा उलटायच्या ऐवजी ओव्हरसीअर अडकले. सरांनी हातमोजा ओढला, सरांच्या बायकोने ओव्हरसीअरांना ओढलं. शेवटी कात्री आणावी लागली. तीनशे अकरा उरले.

"दोन डावे घालून लढता येत नाही असा काही नियम आहे का?" मनगट चोळत ओव्हरसीअरांनी विचारलं.

"तुमचं अगदी बरोबर आहे हो," बायको सरांना म्हणाली. हा वाक्प्रयोग ती नेहमी चूक दाखवण्याआधी करत असे. "उजव्या हातात लेखणी, मग कागदावर येणार डावा. जगात आपल्याशिवाय दुसरं कुणी आहे, त्याचाही हात घेता येतो, हे कधी डोक्यात आलंय तुमच्या?"

"आई, पुरे," कॅप्टन म्हणाली.

"मी काय म्हणते, तूच जाणार आहेस ना उद्या त्या बाहेरच्या सेवेला यांच्यामुळे?"

ओव्हरसीअर अवघडले आणि विषय बदलावा म्हणून त्यांनी खिशातून पत्र काढलं. त्यांची नात नदीपलीकडच्या शाळेच्या त्या पाठवलेल्या वर्गात होती. "घाबरायचं काय त्यात? हे बघा. आम्ही मजेत आहोत. काम हलकं आहे. दर आठवड्याला येतं पत्र. आणि टापटीप बघा. पूर्वी अक्षर म्हणजे नुसते किडे-मुंग्या. आता टाइप करते पोरगी!"

सरांनी पत्र हातात घेतलं. सगळं टाइप केलेलं होतं. खालची सहीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी सकाळी हातगाडीवर पोती लादून सर युद्धमदत कार्यालयाकडे निघाले. शिपाईमामा गाडी ढकलत होते आणि वाटभर आपलं कसं चुकलं नाही ते सांगत होते. सरांनी माफीनाम्याचे चार मुद्दे तयार केले होते. पहिल्या मुद्द्यात चूक मान्य केली होती, दुसऱ्यात ती किती स्वाभाविक होती ते होतं, तिसऱ्यात आठ दिवसांची मुदत मागितली होती. चौथ्या मुद्द्यात बावीस वर्षांची नोकरी होती. तीनशे बारावा हातमोजा बायकोने पहाटे उठून शिवून जोडला होता. तो तेवढा ओबडधोबड दिसत होता.

कार्यालय एका बंद पडलेल्या नृत्यशाळेत होतं. चारी भिंतींना छतापर्यंत आरसे, आणि बाँबच्या हादऱ्याने फुटू नयेत म्हणून प्रत्येकावर कागदी पट्ट्यांची फुली. मध्ये टेबलांच्या रांगा. कारकून मोजून नऊ, पण आरशांमुळे ते कितीही दिसत. आतल्या बंद दारामागून टंकलेखन यंत्रांचा आवाज अखंड येत होता. सरांनी पोतं उघडलं आणि सहज समोर पाहिलं. आरशातले सगळे हातमोजे उजवे होते. क्षणभर त्यांच्या जिवात जीव आला. मग त्यांनी खाली पाहिलं.

"शाळा?" कारकुनाने विचारलं. तरुण माणूस, भांग सरळ, बाह्यांना शाईचे डाग पडू नयेत म्हणून रबरी पट्टे.

"सर्वप्रथम मी हे मान्य करतो, की—"

"डावे किती?"

सर थांबले. "तीनशे बारा."

कारकुनाने छापील अर्ज पुढे ओढला. त्यावर दोन रकाने होते. डावे. उजवे. 'जोड्या' असा रकानाच नव्हता. त्याने पहिल्यात ३१२ लिहिलं, दुसऱ्यात आडवी रेघ मारली, शिक्का उमटवला. "नियमानुसार. वेळेत. तुमचा शेवटचा वर्ग शाळेतच राहील. पोचपावती घ्या."

कुणी रागावलं नाही याचा माणसाला इतका अपमान वाटू शकतो, हे सरांना तोवर ठाऊक नव्हतं. चारही मुद्दे न वापरता तसेच राहिले.

"पण हे सगळे डावेच आहेत," ते म्हणाले.

"हो. उजवे दुसऱ्या एका शाळेने दिले. तिला उजवे सांगितले होते, तुम्हाला डावे."

"आम्हाला असं काहीही सांगितलेलं नाही!"

"मागे लिहिलंय."

सरांनी खिशातून परिपत्रक काढलं आणि महिन्याभरात पहिल्यांदा उलटून पाहिलं. पाठीमागे खालच्या कोपऱ्यात बारीक छापलं होतं: डावे. ३१२. तारीख चाळीस दिवसांपूर्वीची. तेव्हा कापड उरणार आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. कोट तर दारामागेच होते.

"सुटे हातमोजे कशाला लागतात?" सरांनी विचारलं.

त्रिकोणाला बाजू किती, असं पोराने विचारल्यावर सर जसे बघत, तसं कारकुनाने त्यांच्याकडे बघितलं. "ज्याचा जो हात उरतो, त्याला तो."

"पण आकडा? महिनाभर आधी?"

"अंदाज असतो, सर."

"चुकतो का कधी?"

"अजून तरी नाही," कारकून म्हणाला आणि त्याने पुढच्या माणसाला बोलावलं. पुढचा माणूस बुटांची पेटी घेऊन आला होता. सरांनी मुद्दाम पेटीत डोकावून पाहिलं नाही.

शाळेत जल्लोष झाला. मुख्याध्यापिका बाईंनी प्रार्थनेच्या वेळी सरांच्या दूरदृष्टीचा गौरव केला, शिपाईमामांनी तो अर्धा आपल्याकडे वळवून घेतला. ओव्हरसीअर गल्लीभर सांगत सुटले, की दोन डाव्यांची कल्पना मूळ त्यांची. सर मात्र तास चालू असताना मध्येच थांबत आणि उत्तरं लिहिणाऱ्या मुलांचे हात बघत राहत.

आठ दिवसांनी नवं परिपत्रक आलं. सरांनी पुढची बाजू वाचलीच नाही. मागे होतं: मोठे डावे, १८०. मोठे उजवे, २२६. लहान डावे, ३४.

"लहान कशाला?" मुख्याध्यापिका बाईंनी विचारलं. मग त्यांचा हात आपसूक टेबलावरच्या हजेरीपटाकडे गेला, आणि तिथेच थांबला. त्यांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला. "आणि दिले नाहीत, तर..."

"तर वर्ग जाणार."

"आणि दिले, तर?"

"तर ते कुणासाठी दिले, हे आपल्याला माहीत असणार."

बाई खिडकीपाशी गेल्या. खिडकीला काळा कागद होता, तरी त्या बाहेर बघितल्यासारख्या उभ्या राहिल्या. "तुम्ही मोजमापाचे माणूस," त्या म्हणाल्या, पण या वेळी पुढचं वाक्य त्यांना सुचलं नाही.

सरांनी ते कुणाला सांगायचं नाही असं ठरवलं आणि परिपत्रक भूमितीच्या पुस्तकात दडवलं. भूमितीचं पुस्तक घरात कुणी उघडणार नाही, हा त्यांचा अंदाज मात्र सपशेल चुकला. संध्याकाळी कॅप्टन ते उघडून त्यांच्यापुढे बसली होती.

"बाबा, लहान चौतीसच का?"

"गोल आकडा नाही म्हणून तुला विचित्र वाटतंय."

"आमचा पट चौतीस आहे."

"शंभर ठिकाणी चौतीस असतात."

"बाबा."

तिचा उजवा हात टेबलावर होता. तर्जनीला शाई, मधल्या बोटाला लेखणी धरून पडलेला घट्टा. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज बंद झाला होता, म्हणजे बायको ऐकत होती.

"उत्तर पटण्यासारखं आलं नाही तर काय करायचं?" सरांनी विचारलं. वर्गात विचारत तसंच.

"पुन्हा करून बघायचं."

"त्याआधी?"

"प्रश्न तपासायचा."

"आणि प्रश्नच चुकीचा छापला असेल तर?"

"तर सोडवायचा नाही. दुरुस्त करून परत पाठवायचा."

"कापड आहे का शिल्लक?" आतून बायकोचा आवाज आला. "नसेल तर माझा कोट घ्या. आणि या वेळी आकृती मी काढणार. मला दुसऱ्याचा हात धरता येतो."

मोठे सगळे मागितल्याप्रमाणे झाले. ते ज्यांना लागणार होते त्यांच्यासाठी सरांजवळ काही उपाय नव्हता, आणि ही गोष्ट ते विसरले नाहीत. लहान मात्र अडुसष्ट झाले. वर्गातल्या प्रत्येकाचे दोन्ही हात कागदावर घेऊन, नावानिशी. आणि प्रत्येक डाव्याला त्याचा उजवा लांब नाडीने जोडलेला, नाडीला दुहेरी टाका, टाक्यावर पुन्हा टाका. कात्रीशिवाय सुटणार नाही असा. नाड्या बायकोने शिवल्या.

"मोठे बरोबर," कारकून म्हणाला. मग त्याने पहिली नाडी उचलली. तिच्या दोन टोकांना दोन पंजे लोंबकळत राहिले. "हे काय?"

"जोड्या. चौतीस."

"सुटे मागितले होते."

"सुटे मिळणार नाहीत."

"रकाना नाही, सर."

"पट्टी आहे ना? आखा."

शेजारच्या टेबलावरच्या कारकुनाने मान वर केली. मग त्याच्या पलीकडच्याने. आरशांत शंभर माना वर झाल्या. सरांनी समोरची खुर्ची ओढली आणि ते बसले. शिपाईमामाही काही न विचारता त्यांच्या शेजारी, पोत्यावर बसले.

"मीही बसतो," मामा म्हणाले. "मला काय, संध्याकाळी फक्त शाळेला कुलूप लावायचंय."

कारकून अर्ज घेऊन बंद दारामागे गेला. थोड्या वेळाने आतलं एक यंत्र थांबलं. मग दुसरं. मग सगळीच. इतका वेळ तो आवाज होता हे तो थांबल्यावरच कळलं. त्या शांततेत कागदी फुल्यांमागे उरलेल्या आठ कारकुनांची कित्येक प्रतिबिंबं न हलता बसून होती, अकराचा भोंगा झाल्यासारखी. पण अकरा वाजायला अजून अवकाश होता.

कारकून परत आला. त्याचा भांग तसाच सरळ होता.

"वरून विचारलंय, जोड्या का म्हणून. कारण लिहावं लागतं."

"लिहा. मुलांना दोन हात असतात."

कारकुनाने लेखणी शाईत बुडवली. शेरा, असं लिहून त्याने वळणदार अक्षरात वाक्य उतरवलं, शब्द मोजल्यासारखे हळू. मग पट्टी ठेवून डाव्या-उजव्यांच्या शेजारी एक उभी रेघ ओढली. रेघ थोडी तिरकी आली. त्याने ती तशीच राहू दिली आणि तिच्या डोक्यावर लिहिलं: जोड्या, ३४.

"सही करा. तुमच्या हातानं."

सरांनी सही केली. आत एक यंत्र चालू झालं, मागोमाग बाकीची.

"ही नोंद कधीपर्यंत लागू?" कारकुनाने विचारलं.

"कायम."

"कायम लिहिता येत नाही, सर. तीन महिन्यांच्या वर अंदाज नसतो."

"मग तीन महिने लिहा," सर म्हणाले आणि उठता उठता त्यांनी खुर्ची होती तिथे नीट लावली. "तीन महिन्यांनी मी पुन्हा येईन. ही खुर्ची हलवू नका."